शेंदूरजनाघाटची तार

घरात एखादा डॉक्टर असला म्हणजे लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याच्यापुढे कोणी ना कोणी जीभ बाहेर काढून उभे राहते. इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा करणाऱ्याचे नशीब याहून निराळे नसते. पस्तीस वर्षे मी यंत्रे दुरुस्त करण्याची नोकरी केली. पण बंद पडलेले रेडिओ आणि मुके झालेले टीव्ही नातेवाइकांनी जेवढे माझ्यापुढे आणून ठेवले, तेवढे कारखान्यानेही ठेवले नसतील. म्हणून २०१९ च्या मे महिन्यात शेंदूरजनाघाटहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या तक्रारीचे.

"मामा, आपली बोअर वेड्यासारखी बडबडून रायली. या ना तुम्ही एकदा."

बोअर, म्हणजे कूपनलिका, बडबडते कशी, हे सांगण्यापूर्वी वाचकांना त्या गावाची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

शेंदूरजनाघाट हे अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. नागपुरी म्हणून आपण जी संत्री हौसेने खातो, त्यांतली पुष्कळशी नागपूरची नसून या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातली असतात. पण शेंदूरजनाघाटचे नाव बागाईतदारांच्या तोंडी असते ते फळांपेक्षा कलमांसाठी. जंभेरीचे बी पेरायचे, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि पावसाळा लागला की ती कलमे दूरदूरच्या शेतकऱ्यांना विकायची, हा इथला धंदा. माझ्या ताईच्या घरी हेच चालते. भाऊजींची रोपवाटिका गावाला लागूनच आहे.

कलम म्हणजे तान्हे मूल. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, त्याला रोज पाणी लागते. आणि पाणी तर या भागात पाताळात गेलेले. जमिनीखालच्या पाण्याचा उपसा इतका झाला की भूजलाच्या सरकारी पाहणीत वरूड तालुक्याचे नाव अतिशोषितांच्या यादीत आले. अशा वेळी नळीतले पाणी पंपाच्या खाली गेले आणि पंप कोरडा चालला, तर तो जळतो. नवा पंप आणून आत सोडीपर्यंत आठवडा जातो. तेवढ्यात कलमांची काडी होते.

यावर भाच्याने उपाय काढला होता. पोरगा पॉलिटेक्निक झालेला, हुशार. त्याने नळीत पाण्याची पातळी मोजणारा एक सेन्सर सोडला, तिथून सुमारे हजार फूट तार ओढून घरापर्यंत आणली आणि घरातल्या संगणकाला जोडली. पाणी किती फुटांवर आहे, याचा आकडा घरबसल्या पडद्यावर दिसू लागला. भाऊजी मिशीतल्या मिशीत हसून पाहुण्यांना तो आकडा दाखवीत. मार्चपर्यंत हे सुरळीत चालले, आणि मग आकड्यांच्या जागी भलभलती अक्षरे येऊ लागली. हीच ती बडबड.

आता ही बातमी तारेवरून येते कशी, हे दोन शब्दांत सांगतो. पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

माझे वडील वऱ्हाडातल्या एका तार ऑफिसात तारमास्तर होते. कडकट्ट, कडकट्ट करीत एकामागून एक खुणा पाठवायच्या आणि पलीकडच्याने त्या जोडून अक्षर ओळखायचे, ही त्यांची विद्या. फ्रान्समधल्या एमिल बोदो नावाच्या तारखात्यातल्या माणसाने एकोणिसाव्या शतकात प्रत्येक अक्षराला पाच-पाच खुणांचा ठराविक साचा दिला. त्याच्याच नावावरून वेगाच्या मापाला आजही बॉड म्हणतात. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली खरी, पण ती विद्या मेली नाही. ती यंत्रांच्या पोटात जाऊन बसली. सेन्सर आणि संगणक एकमेकांशी याच रीतीने बोलतात. अरुंद बोळातून माणसांनी एकामागून एक जावे, तशा खुणा एकामागून एक जातात. यालाच सीरियल दळणवळण म्हणतात. भाच्याच्या तारेवर बॉडचा आकडा ९६०० होता, म्हणजे एका सेकंदात ९६०० खुणा.

पण सगळी यंत्रे एका बोलीत बोलत नाहीत. संगणकाची जुनी बोली आरएस-२३२. तिचा नियम १९६० साली अमेरिकेत ठरला. तिच्यात एका तारेवरचा दाब जमिनीच्या, म्हणजे समाईक तारेच्या, मानाने मोजतात. तीन व्होल्टांहून अधिक धन म्हणजे शून्य, तीनहून अधिक ऋण म्हणजे एक. ही बोली घरगुती. पन्नासएक फुटांपलीकडे तिचा भरवसा नाही. लांबच्या पल्ल्यासाठी १९८३ मध्ये आरएस-४८५ ही दुसरी बोली आली. तिच्यात दोन तारा असतात आणि ऐकणारा फक्त त्या दोहोंतला फरक पाहतो. पाव व्होल्टाचाही फरक तिला पुरतो आणि ती चार हजार फूट जाते.

या दोन बोलींमध्ये दुभाष्या लागतो. काडेपेटीएवढी एक डबी, तिला कन्व्हर्टर म्हणतात. भाच्याच्या संगणकापाशी ती होती. बडबड सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत त्याने तीन डब्या बदलल्या होत्या.

मी दुपारी पोचलो. भाऊजींनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि लगेच गाऱ्हाणे सुरू केले.

"पोट्ट्यानं डिप्लोमा तं केला, पण हात काही बसला नाही त्याचा. पैसे घालून रायला नुसता. आता पावसाळा झाला का पुण्याले धाडतो नोकरीले. शेती आपल्या जागी बरी, अन् हे खेळणे आपल्या जागी बरे."

भाचा खाली मान घालून उभा होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात. ती काही बोलली नाही, पण तिचे माझ्याकडे बघणे मला कळले. एकुलता एक मुलगा घर सोडून जाणार की नाही, हे त्या काडेपेटीएवढ्या डबीवर येऊन ठेपले होते.

मी ऐटीत कामाला लागलो. आधी डबी बाजूला काढली आणि संगणकाच्या नऊ पिनांच्या सॉकेटातली दुसरी व तिसरी पिन तारेच्या तुकड्याने जोडली. असे केले म्हणजे संगणक स्वतःचेच बोलणे स्वतः ऐकतो. टाइप केलेले अक्षर जसेच्या तसे परत आले. म्हणजे संगणक निर्दोष. तिसऱ्या पिनेवर स्वस्थ असताना ऋण आठ व्होल्ट, तेही ठीक. मग डबी उघडली. भाच्याने आतली चिप बदलताना केलेले एक डाग मला जरा ओबडधोबड दिसले. झाले! मी ते डाग नव्याने केले, माझ्याजवळची नवी चिप बसवली आणि तारा जोडल्या. पडद्यावर स्वच्छ आकडे येऊ लागले.

"डाग कच्चा होता," मी चारचौघांत जाहीर केले.

भाऊजींनी मुलाकडे पाहिले. तो एवढेच म्हणाला, "मामा, आत्ता थ्री फेज नाही. पंप बंद हाय. पंप चालू झाल्यावर पाहा."

मी हसण्यावारी नेले. आज लिहिताना मला त्या हसण्याची लाज वाटते.

शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज वीज त्या वेळी तिथे पाळीने येई. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. घरातल्या दिव्यांची वीज निराळ्या लाइनीवर, ती असायचीच. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. दहाच्या सुमाराला पंप सुरू झाला, आणि पाच मिनिटांत पडद्यावर बडबड सुरू! डबीला हात लावला तर माझी नवी चिप तव्यासारखी तापलेली.

"मोटारीचा गोंगाट आहे," मी म्हणालो. मोटार चालू झाली की तारांवर विजेचे तरंग उठतात, तेव्हा हे निदान काही वेडगळ नव्हते. भाचा म्हणाला, दुकानदारही तेच सांगतो. आणि तो म्हणतो की आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. त्या जातीच्या डबीत घरची बाजू आणि शेताची बाजू यांच्यामध्ये विजेचा संबंधच ठेवत नाहीत; निरोप प्रकाशाच्या किंवा तशाच दुसऱ्या साधनाने पलीकडे जातो. "घेऊन टाक," असे मी म्हणणार, एवढ्यात त्याने एक वही पुढे केली. दोन महिने त्याने रोजची नोंद ठेवली होती. कोणत्या वेळी बडबड, कोणत्या वेळी ठीक, कधी चिप गेली, सगळे. कोणी ती मागितली नव्हती आणि त्याने होऊन दाखवली नव्हती.

मी चाळू लागलो. मार्चमध्ये पंप चालू असताना मधूनमधून चूक. एप्रिलमध्ये रोज. मेमध्ये सतत. आणि मध्येच एक ओळ: "अवकाळी पाऊस. दोन दिवस पंप चालू असूनही सगळे ठीक."

मी ती ओळ दोनदा वाचली. मोटारीच्या गोंगाटाला पावसाशी काय कर्तव्य?

आणि मला एकदम वडील आठवले. त्या काळी लहान ऑफिसांच्या तारेला एकच तार असे. परतीच्या वाटेला दुसरी तार नसायची, जमीनच ते काम करी. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाने ही युक्ती शोधली होती. ऑफिसाच्या मागे जमिनीत पत्रा पुरलेला असे, आणि उन्हाळ्यात जमीन वाळली की तार मंद व्हायची. मग वडील त्या जागी दोन बादल्या पाणी ओतायला लावीत. आम्हां मुलांना वाटे, बाबा तारेचे झाड लावतात. भाच्याच्या वहीतला पाऊस म्हणजे त्याच दोन बादल्या!

दुभाष्या फक्त दोन तारांतला फरक पाहतो, हे मी वर सांगितले. पण त्यालाही एक मर्यादा आहे. तराजूच्या दोन पारड्यांतला फरक आपण तराजू टेबलावर असला काय किंवा हातभर उचलला काय, सहज ओळखतो. पण तोच तराजू कोणी माडीच्या आढ्याला टांगला तर खालून काय दिसणार? या डबीची नजर स्वतःच्या जमिनीच्या मानाने ऋण सात ते धन बारा व्होल्टांपर्यंतच पोचते. त्यापलीकडे दोन्ही तारा मिळून उचलल्या गेल्या, तर ती काहीबाही वाचते आणि शेवटी जळते.

मी दोन्ही तारा डबीतून सोडवल्या. दोहोंतला फरक नीट होता. पण त्यांतली कोणतीही एक आणि घरची जमीन यांच्यामध्ये मीटर लावला, तर ३१ व्होल्ट! पंप बंद करवला, शून्य. पुन्हा चालू, ३१. तराजू आढ्याला टांगला होता, आणि टांगणारा पंपाच्या खोलीत होता.

आम्ही बॅटरी घेऊन तिकडे गेलो. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी पेटी, तिच्यात पंपाचा स्टार्टर. शेजारी हौद, ताई रोज पहाटे तिथे हातपाय धुते. भोवती चिखल. पेटीला सुतळीने बांधलेली एक लाकडी काठी लोंबत होती.

"ही कशाला?" मी म्हाताऱ्या सालदाराला विचारले.

"बटन दाबाले जी. पेटी मुंग्या देते ना. हात लावला का झिनझिन करते."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. मालकाले सांगतलं होतं म्या. वायरमननं टेस्टर लावून पाह्यला. नाही लागला, तं म्हने म्हातारा भेतो."

टेस्टर लागणारच नव्हता. त्यातला निऑनचा दिवा साठएक व्होल्टांखाली पेटत नाही. ३१ व्होल्ट त्याला दिसत नाहीत. पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसाला ते जाणवतात. ओलाव्याच्या जागी २५ व्होल्टांच्या वरचा दाब धोक्याचा धरतात.

मी सर्वांना पेटीपासून लांब केले, रबरी चपला घातल्या आणि मीटरच्या काड्यांनी पेटी व दूर ठोकलेली एक सळई यांच्यामध्ये मोजले. तेच ३१ व्होल्ट. मग पंप बंद केला, मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातले आणि पेटीच्या अर्थिंगच्या सळईच्या मुळाशी चारपाच घागरी पाणी ओतले. अर्ध्या तासाने पुन्हा चालू करून मोजले तर ४ व्होल्ट! भाचा घरी धावत गेला आणि तिकडून ओरडला, "मामा, आकडे आले!"

रोग सापडला. पण मूळ सापडायचे होते. त्या रात्री पुन्हा पंप लावायचा नाही, असे मी ठरवले. भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. एक रात्र पाण्याविना म्हणजे कलमांना काय, हे मलाही कळत होते. पण ते काही बोलले नाहीत. सकाळी टँकर मागवला.

सकाळी परवाना असलेला वायरमन आला. वीज बंद करून पेटी उघडली. स्टार्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या तारा ज्या बेकलाइटच्या पट्टीवर आवळल्या होत्या, तिच्यावर धूळ साचून काजळाची बारीक रेघ ओढावी तशी काळी रेघ जळत गेली होती, थेट लोखंडी पेटीपर्यंत. त्या रेघेवरून वीज झिरपत होती. फार नाही, अँपिअरचा दहावा हिस्सा. पण वायरमनने अर्थिंगची सळई यंत्राने तपासली तेव्हा काटा तीनशे ओमच्या आसपास थांबला. चांगल्या अर्थिंगला हा आकडा थोड्या ओमांचा असावा लागतो. दहावा हिस्सा गुणिले तीनशे: तीस व्होल्ट. हिशेब जुळला.

पण दुसरा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि त्या उन्हातही मला कापरे भरले. ती रेघ आणखी जळून पूर्ण शॉर्ट झाला असता, तर २४० व्होल्ट भागिले तीनशे ओम: एक अँपिअरसुद्धा नाही. फ्यूज उडाला नसता. पंप तसाच चालत राहिला असता, पाणी हौदात पडत राहिले असते, आणि त्या पेटीवर जवळजवळ सगळे २४० व्होल्ट उभे राहिले असते. पहाटेच्या अंधारात, हौदावर, अनवाणी.

आणि मी काल रात्री काय सांगणार होतो? "आयसोलेटेड डबी घेऊन टाक." ती घेतली असती तर आकडे सुरेख आले असते. सर्वांचे समाधान होऊन मी संत्र्याच्या बर्फीचा पुडा घेऊन परत आलो असतो. बडबड थांबली असती. मृत्यू मात्र पेटीत बसून राहिला असता. ताप उतरवणारी गोळी देऊन आजार झाकणे ते हेच.

नवी पट्टी बसवली. पेटीजवळ खोल खड्डा घेऊन कोळसा आणि मिठाचे थर घालून नवे अर्थिंग केले. शिवाय अर्थ लीकेज बसवला. जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, की हे यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत प्रवाह तोडते. ते अर्थिंगच्या भरवशावर राहत नाही. हे सगळे झाल्यावर मग आयसोलेटेड डबीही आणली, कारण आता ती काहीही झाकणार नव्हती. पंप चालू असताना पेटीवरचा दाब एका व्होल्टाच्या आत आला.

संध्याकाळी मी सर्वांदेखत भाच्याला म्हणालो, "डाग कच्चा नव्हता. घाई माझी होती. ही वही नसती तर मला काही सापडले नसते."

भाऊजींनी वही हातात घेतली. बराच वेळ पाने उलटली. मग ती मुलाकडे न देता देवघराच्या फळीवर, पंचांगाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "राहू दे इथंच. रोज लिहीत जाय." पुण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि पुढेही निघाला नाही. सालदाराची काठी त्यांनी स्वतः सोडली. म्हाताऱ्याने मात्र पहिले चार दिवस बटन काठीनेच दाबले. "दाबू द्या त्याले," भाऊजी म्हणाले, "त्याचंच आइकलं नाही म्या."

वाचकहो, तुमच्या घरी कूपनलिका नसेल. पण फ्रिज, गीझर, कपडे धुण्याचे यंत्र असेलच. दिवाळीत गॅलरीत माळा लागतील. तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन शोभेची नसते. कामवाली बाई म्हणाली की मशीनला हात लावला की मुंग्या येतात, तर टेस्टर लागत नाही म्हणून तिला हसू नका; बटन बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. घरात ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज आहे ना, हे एकदा पाहा, आणि त्यावरचे तपासणीचे बटन मधूनमधून दाबत जा.

शेंदूरजनाघाटहून आता रोज संध्याकाळी भाच्याचा निरोप मोबाइलवर येतो. शब्द नसतात, फक्त पाण्याच्या पातळीचा आकडा. मागच्या दिवाळीत आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी आली, तेव्हा ताईला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "उन्हाळ्यात सकाळी तुळशीला पाणी घालते ना, तेव्हा एक तांब्या त्या अर्थिंगच्या खड्ड्यातही घालते. बाबा घालायला लावत होते तसा."